धार दगडावर, दाढी चामड्यावर

‘हजामत’ या शब्दाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. वर्गात कुणाची फजिती झाली की त्याची हजामत झाली असे आपण म्हणतो, आणि फजिती जरा जास्तच झाली असेल तर ती ‘बिनपाण्याने’ झालेली असते. खरी हजामत मात्र एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राचा अर्ध्याहून अधिक भाग गिऱ्हाईक खुर्चीवर बसण्यापूर्वीच उरकलेला असतो. तो भाग म्हणजे वस्तरा लावणे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचाच विचार करावयाचा आहे.

आज खानापुरातल्या सलूनमध्ये जाऊन बसलात तर कारागिराच्या हातात बहुधा अर्धे ब्लेड खोचण्याचा वस्तरा दिसेल. पथरी आणि चामड्याचा पट्टा पाहावयाचा असेल तर एखाद्या वृद्ध कारागिराची धोकटीच उघडावी लागते. आमच्या गावी असे एक न्हावी आहेत. सारा गाव त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या ओसरीवर बसून मी हे सारे पाहिले आणि विचारून घेतले. त्यांचे म्हणणे एका वाक्यात असे : “धार दगडानं येती, पण सुख चामड्यानं येतं की!” पुढे जे लिहिले आहे ते बरेचसे या वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

प्रथम हत्याराची ओळख. वस्तऱ्याचे पाते पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ असते हे सर्वांना दिसते. त्याच्या दोन्ही बाजू आतून खोलगट घासलेल्या असतात हे मात्र बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. जर्मनीतील झोलिंगेन आणि इंग्लंडमधील शेफील्ड ही दोन गावे या घडणीसाठी नावाजलेली. जुन्या वस्तऱ्यांवर यांपैकी एकाचे नाव कोरलेले पुष्कळदा आढळते. पोलाद कार्बनचे असते. त्याला लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवतात आणि मग पुन्हा थोडी ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा कमी करतात. यालाच आपण हत्याराला ‘पाणी देणे’ म्हणतो, आणि माणसाला ‘पाणीदार’ म्हणतो तेही यावरूनच असावे. हे पाणी एकदा उतरले की वस्तरा गेला. म्हणून ‘सुरी, कातरीऽऽ’ असे ओरडत गल्लीतून सायकल फिरवणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा कधीही देऊ नये. त्याचे चाक विळ्याला आणि अडकित्त्याला उत्तम. पण वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की त्या चाकावर ती क्षणात तापून निळी पडते. जेथे निळी पडली तेथले पोलाद मऊ झाले, आणि मऊ पोलाद धार धरत नाही.

येथे एका शब्दाचा उल्लेख करण्याचा मोह होतो. धार लावण्याच्या दगडाला मराठीत साण म्हणतात, आणि या मासिकाच्या कन्नड विभागातले आमचे मित्र त्यालाच साणेकल्लु म्हणतात. दोन्हींचे मूळ संस्कृत ‘शाण’. धार गेलेल्या हत्याराला आपल्या भागात ‘मोंड’ म्हणतात. कन्नडमध्येही तो शब्द आहे, आणि तेथे तो हट्टी माणसालाही लावतात. ‘क्षौरद कत्ती’ म्हणजे मात्र आपला वस्तराच हो, मराठी माणसाने ‘कत्ती’ ऐकून घाबरण्याचे कारण नाही.

आता दगडाकडे वळू. विळा किंवा सुरी लावताना हत्यार दगडाशी किती कोनात धरावे हा मोठा प्रश्न असतो आणि तो हाताच्या सवयीनेच सुटतो. वस्तऱ्यात हा प्रश्न घडवणाऱ्यानेच सोडवून ठेवला आहे. पाते दगडावर सपाट ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावरून कोन आपोआप ठरतो. दोन्ही बाजूंचा मिळून तो साधारण १६ ते १८ अंश भरतो. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकत्र झिजतात, त्यामुळे वर्षानुवर्षे घासूनही हा कोन फारसा बदलत नाही. इतक्या साध्या हत्यारात इतकी हुशारी असेल असे पाहणाऱ्याला वाटत नाही. शिकणाऱ्याला पाठ किंचित उचलण्याचा मोह होतो, कारण तसे केले की कड लवकर चावते असे भासते. पण ती धार टिकत नाही आणि पुढच्या वेळी सगळेच काम पहिल्यापासून करावे लागते.

दगडावर वस्तरा चालवताना धार पुढे आणि पाठ मागे असते, जणू दगडाचा पातळ पापुद्रा सोलायचा आहे. शेवटाला पोचले की पाते पाठीवर उलटावयाचे, धारेवर कधीही नाही, आणि दुसरी बाजू टेकवून तसेच परत यावयाचे. पाते दगडाच्या रुंदीहून लांब असते, म्हणून टाचेपासून टोकापर्यंत ते तिरके सरकवत न्यावे लागते. दोन्ही बाजूंच्या रेषा मनातल्या मनात काढल्या तर फुलीची आकृती होते. दाब म्हणजे पात्याचे स्वतःचे वजन, त्याहून जास्त नाही. दाब दिला तर पातळ कड वाकते आणि दगडाला कडेऐवजी तिच्या मागचा भाग लागतो. दगडावर पाणी किंवा तेल हवे; दोन्ही एकाच दगडावर नकोत. ज्या दगडाने तेल प्यायले त्यावर पाणी चालत नाही.

दगड किती बारीक असावा? बाजारात विळ्या-कोयत्यांसाठी मिळणारी कारबोरंडमची वीट वस्तऱ्याला वर्ज्य. हल्ली कृत्रिम दगडांना नंबर असतात. साधारण १००० नंबरच्या दगडावर कडेचा उतार तयार करतात, आणि तोही फक्त वस्तरा फार बिघडलेला असेल तर. मग ४०००, ८००० आणि शक्य असेल तर १२००० असे चढत जातात. ८००० नंबरच्या दगडातील कण एक-दोन मायक्रॉनचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि दाढीचा केस शंभर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून कल्पना यावी. पूर्वी हे काम निसर्गातले दगड करीत. बेल्जियममध्ये आर्देन डोंगराळ भागात एक पिवळसर दगड निघतो, त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांचे कोपरे बोथट असल्याने ओरखडा उथळ पडतो आणि धार मृदू लागते. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातला दगड तर पाटीच्या दगडाच्या जातीचा, म्हणजे ज्यावर आपण बाराखडी गिरवली त्याचाच एक दूरचा भाऊ. मामांची पथरी कुठली हे मामांनाही ठाऊक नाही. ती त्यांच्या वडिलांच्या धोकटीतून आलेली आहे.

दगड सपाट असणे मात्र नंबराहूनही महत्त्वाचे. वापरून वापरून दगड मधे खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर सरळ धार येणे शक्य नाही. यावर सोपा उपाय आहे. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासावा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला असे समजावे.

कड तयार झाली की नाही हे ओळखण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत. ओल्या अंगठ्याच्या नखावरून धार वजन न देता ओढली तर खांडा पडलेल्या जागी अडखळल्यासारखे लागते. प्रकाशाकडे धार धरून पाहिली आणि तेथे पांढरी चमक दिसली तर ती जागा अजून मोंड आहे; खऱ्या धारेला प्रकाश परतवण्याइतकी जाडीच नसते. हातावरचे केस निघाले म्हणजे झाले असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. हातावरचे केस तर चांगली सुरीही काढते.

येथपर्यंत आलेला नवशिका खूश होऊन वस्तरा गालाला लावतो आणि मग ओरबाडल्यासारखे का झाले म्हणून विचारात पडतो. दगडावरून उठलेल्या कडेला पोलादाची केसाहून बारीक अशी तार सुटलेली असते, आणि कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर करवतीसारखी दिसते. अशी कड केस कापते, पण त्याबरोबर कातडीही खरवडते. हे दूर करण्याचे काम चामड्याचे.

चामड्याचा पट्टा दोन-अडीच इंच रुंद, गुळगुळीत आणि पीळ न पडलेला असावा. त्याच्या मागे बहुधा कापडाचा, जाड सुती किंवा तागाचा, दुसरा पट्टा जोडलेला असतो. एक टोक खिडकीच्या गजाला अडकवावे, दुसरे हातात ताणून धरावे. पट्टा सैल सोडला तर तो धारेभोवती वळतो आणि कड गोल होते; इतक्या कष्टाने आणलेली धार पाच मिनिटांत घालवण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. आता चाल नेमकी उलटी : पाठ पुढे आणि धार मागे. धार पुढे केली तर पट्टाच कापला जाईल. उलटण्याची रीत मात्र दगडावरचीच. पाठ चामड्यावरून न उचलता पाते तिच्यावर लोळवावयाचे. प्रथम कापडावर वीस-पंचवीस फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. जाणे आणि येणे मिळून एक फेरी. सुरुवातीला अगदी सावकाश. मामांचा हात इतका झपाझप चालतो की पात्याच्या आवाजाला ठेका येतो, पण त्यांच्या मागे पन्नास वर्षे आहेत. आपण वेग दाखवू गेलो तर पट्ट्याला चिरा पडतील, वस्तरा काही लागणार नाही.

या घासण्याने पोलाद जवळजवळ झिजत नाही. कडेवर लोंबणारी तार निघते, वाकलेली कड सरळ होते, आणि आदल्या दिवशीपासून बसलेला गंजाचा अदृश्य पापुद्रा पुसला जातो. पट्टा नसेल तेव्हा जुने कारागीर तळहातावर वस्तरा फिरवीत, तेही याचसाठी. तळहात हेसुद्धा चामडेच आहे. नवख्याने तो प्रयोग करू नये हे सांगावयास नकोच.

दगड क्वचित आणि चामडे रोज, हा या कलेचा हिशेब आहे. घरी एकच माणूस वापरत असेल तर दर दाढीपूर्वी पट्टा आणि दोन-तीन महिन्यांनी बारीक दगडावर दहा-वीस फेऱ्या, एवढे पुरे होते. पहिली पथरी तर दुसऱ्याच्या हातून लावून घ्यावी आणि आपण पट्ट्यापासून शिकावे, असे माझे मत आहे. पुस्तके आणि सांगणारे नेमके उलट क्रमाने सांगतात, कारण दगडाचे काम सांगायला जास्त रंजक आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला येथे एक गंमत दिसते. मालमत्तेची किंमत वापरामुळे कमी होते तिला आपण ‘घसारा’ म्हणतो. हिशेबतपासणीत हा शब्द उच्चारताना कुणाच्या डोळ्यांपुढे घासणे येत नाही. वस्तऱ्याचा घसारा मात्र अक्षरशः दगडावर घासल्याने होतो. त्यामुळे तो वर्षांवर ठरत नाही, वापरावर ठरतो. आणि जो कारागीर चामडे नीट वापरतो त्याला दगडावर कमी जावे लागते, म्हणजे त्याचा घसारा कमी. त्यामुळेच एकेक वस्तरा बापाकडून मुलाकडे येत असे. बारा बलुतेदारांपैकी न्हाव्याला सुगीला धान्य मिळे, रोख क्वचित. रोख पैसा नसलेल्या माणसाला रोज विकत घ्यावे लागणारे हत्यार परवडणारच नव्हते. त्याचे भांडवल म्हणजे एक पाते, एक दगड, एक चामडे आणि ही विद्या. त्या विद्येची सत्ताही कधी कधी दिसून आली. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करावयाचे नाही असे ठरवले, तेव्हा एका क्रूर रूढीची वाट वस्तरा खाली ठेवूनच अडवली गेली.

रोज विकत घ्यावे लागणारे हत्यार अमेरिकेत किंग जिलेट याने आणले. त्याची विक्री १९०३ साली सुरू झाली. त्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढे काय झाले ते आपण जाणतोच. रेझर जवळजवळ फुकट वाटून पात्यांवर नफा कमावण्याचे उदाहरण म्हणून त्याचे नाव सांगितले जाते. पण पेटंट चालू होते तोवर, म्हणजे १९२१ पर्यंत, त्याचा संच चांगला ५ डॉलरला विकला जात होता. स्वस्त रेझर पेटंट संपल्यावरचा. हे पुढच्या परीक्षेत लिहावे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे सलूनमधला लावण्याचा वस्तरा मागे पडला तो मुख्यतः दुसऱ्या कारणाने. १९८६ साली मद्रासला एचआयव्हीचे भारतातले पहिले रुग्ण आढळले. एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याला लागू नये ही खबरदारी हळूहळू सर्वत्र पोचली, आणि गिऱ्हाईक ‘ब्लेड नवीन घाला’ असे सांगू लागले. यकृताची ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळही याच वाटेने पसरू शकते. त्यामुळे सलूनमध्ये प्रत्येकाला नवे ब्लेड हाच नियम योग्य आहे, जुन्या आठवणींनी कुणी कितीही उसासे टाकले तरी. मामांनाही हे मान्य आहे. त्यांचे दुःख वेगळे आहे. अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याने दाढी करणाऱ्या मुलाला धार म्हणजे काय हे हाताने कधी कळत नाही. त्याची धार पाकिटात येते. जे कसब शिकायला पाच वर्षे लागत, त्याची जागा एका लहानशा खरेदीने घेतली. त्यातून कारागिराचा वेळ वाचला हे खरे, पण ‘यांचा हात हलका’ म्हणून दोन मैलांवरून येणारे गिऱ्हाईकही काही प्रमाणात कमी झाले.

राहता राहिली घरची गोष्ट. स्वतःचा वस्तरा स्वतःपुरता वापरणाऱ्याला वरची भीती नाही, फक्त तो भावालासुद्धा देऊ नये. दाढीपूर्वी दोन-तीन मिनिटे गरम पाण्याने केस चांगले भिजवावेत. बिनपाण्याच्या हजामतीचे दुःख कशामुळे होते याचे उत्तर २०२० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दिलेल्या निबंधातही थोडेसे सापडते. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो, तरीही तो धारेचे टवके काढतो, हे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. केस कापला जाताना वाकला, आणि पोलादाची घडण त्या जागी एकसारखी नसली, की कडेचा बारीक तुकडा उडतो. तेव्हा मोंड होण्याचा दोष सगळा दगडाच्या माथी मारता येत नाही. भिजलेला केस मऊ पडतो आणि कमी जोराने कापला जातो; कातडी ताणून धरली तर तो कमी वाकतो.

पाते गालाशी तीसेक अंशात धरावे. सपाट धरले तर केस ओढले जातात, उभे धरले तर कातडी कापते. पहिला हात केसांच्या दिशेने, दुसरा हवा असल्यास आडवा. उलटा हात गुळगुळीत दाढी देतो खरी, पण मानेवर तो टाळलेला बरा. कापलेला केस कातडीत आत वळून पुटकुळी येते. शेवटी थंड पाणी आणि ओली तुरटी. तुरटी जेथे झोंबते तेथे आपला हात चुकला, एवढे ती बिनचूक सांगते.

आपल्या तालुक्यात वस्तऱ्याचा खरा शत्रू पावसाळा आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात घरातले मीठसुद्धा पाणी सोडते, तेथे एका मायक्रॉनहून पातळ कडेची काय कथा! गंज डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी धार खातो. म्हणून दाढी झाल्यावर पाते धुऊन पुसावे, कोरड्या चामड्यावर पाच-सहा फेऱ्या द्याव्यात आणि शिलाईयंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन बसते. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये, आणि मुठीत ओल राहू देऊ नये.

जुन्या बाजारात वस्तरा मिळालाच तर घेण्यापूर्वी तो सपाट काचेवर ठेवून पाहावा. पाठ आणि धार टाचेपासून टोकापर्यंत टेकली पाहिजे. पाठीवर एकाच जागी जास्त झीज दिसली तर मागच्या मालकाने दाब देऊन घासले आहे असे समजावे. वरवरचे डाग चालतील. धारेलगतचे काळे खड्डे चालणार नाहीत, कारण खड्डा जेथे कडेपर्यंत पोचतो तेथे दगड काय करणार? आणि पात्यावर कुठे निळसर झाक असेल तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी तो तेथेच ठेवून पुढे जावे.